सोपानअण्णांची बाजू

"पण मी बरोबर होतो की नाही, तेवढं सांगा," यशोधन निकम तिसऱ्यांदा म्हणाला.

केवलगिरी महाराज मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"बरोबर होतास."

"मग?"

महाराजांनी आणखी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. तो बाजूला टाकून त्यांनी पुढची शेंग उचलली.

यशोधनला हे वागणं पसंत पडलं नाही. तो निंबळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. वय बत्तीस. वादविवाद स्पर्धेतल्या ढाली घरात एक कपाट अडवून बसलेल्या. मठ, महाराज असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. टेकडी चढून आला होता तो ग्रंथपाल देव्हारेंच्या सांगण्यावरून. देव्हारे म्हणाले होते, म्हाताऱ्याच्या पाया पडू नकोस हवं तर, पण तो बारा वर्षं काशीत न्यायशास्त्र शिकलाय, वाद कसा घालावा हे त्याच्याएवढं या तालुक्यात कुणाला कळत नाही.

यशोधन पाया पडला नव्हता. महाराजांनी त्याला चटई दिली होती, आणि एक मूठ शेंगा.

घडलं होतं ते असं. गावातल्या वाचनालयाने वर्धापनदिनाला जाहीर वाद ठेवला. विषय, 'माणूस घडला की घडवला?' घडला म्हणणारा यशोधन. घडवला म्हणणारे सोपानअण्णा कुंभार. अण्णा म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवणारे, साठीचे, सडपातळ गृहस्थ. श्रावणात देवळात प्रवचनही करायचे. सभागृह गच्च भरलं होतं.

अण्णांनी सुरुवातीलाच विचारलं, माणूस माकडापासून झाला म्हणता, तर मग अजून माकडं कशी उरली? लोक हसले. यशोधन उठला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, मुळात माणूस माकडापासून झालेला नाही, दोघांचा पूर्वज एक आहे. पण अण्णांकडे बघून कुणाचा गैरसमज होत असेल तर मी समजू शकतो.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या कसनुसे हसले. पुढचा अर्धा तास यशोधन एकटाच बोलत होता. जीवाश्म, जनुकं, बेटांवरचे पक्षी, सगळं. अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी यशोधन वर्गात गेला तर पहिल्या बाकावरची एक जागा रिकामी. तिसऱ्या वर्षाची प्रतीक्षा कुंभार. त्याच्या सहा वर्षांच्या नोकरीतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, आणि सोपानअण्णांची धाकटी मुलगी.

आज अकरा दिवस झाले होते. तिला कुणी घरात अडवलं नव्हतं, ती स्वतःच येत नव्हती. यशोधनने निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, "सर, तुमचं उत्तर बरोबर होतं."

बस, एवढंच.

आणि आता वाचनालयाला तोच कार्यक्रम पुन्हा हवा होता. मागच्या वेळी फार मजा आली, असं लोकांचं म्हणणं होतं.

"लोकांना पटायला पाहिजे हो," यशोधन म्हणाला. "त्याची काही युक्ती असेल तर सांगा."

"मागच्या वेळी पटलं नाही?"

"टाळ्या तर भरपूर पडल्या."

"कशाला पडल्या? पुराव्याला?"

यशोधनने शेंग फोडली.

महाराज उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात दाबत उठला. "तू इथं ये," ते म्हणाले, आणि यशोधनला आपल्या आसनावर बसवून स्वतः त्याच्या चटईवर जाऊन बसले.

"आता तू सोपानअण्णा. मी प्रोफेसर निकम. बोला अण्णा."

यशोधनला हसू आलं. अशा गोष्टी त्याला जमायच्या. त्याने खांदे पाडले, आवाज लांबवला आणि अण्णांची हुबेहूब नक्कल केली, "माणूस माकडापासून झाला म्हंता, तर मंग आजून माकडं कशी..."

महाराजांनी नसलेला चष्मा नाकावर वर सरकवला.

"मुळात," ते म्हणाले, "तुमचा चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून तुम्ही जन्मालाच आला नाहीत असं होतं का?"

यशोधन चमकला. उत्तर चांगलं होतं. त्याच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा चांगलं. हे तुम्हाला कुठून माहीत, असं त्याने विचारलं. महाराज म्हणाले, कुणीतरी दहावीची पुस्तकं रद्दीत टाकली होती, ती मी वाचली, चित्रं छान आहेत.

मग महाराज जे सुटले ते थांबेनात. मुळात डोळा असा झाला. मुळात शेपटीचं हाड अजून आहे. मुळात पृथ्वीचं वय इतकं. दर वाक्याआधी चष्मा वर जाई आणि दर वाक्याच्या शेवटी एक बारीक हसू येई. त्या हसण्यात समोरच्याबद्दल मनापासून कीव होती. यशोधन आधी मजेने बघत होता. मग त्याला कसंसंच व्हायला लागलं. हे हसू त्याने वाचनालयाच्या फोटोत पाहिलं होतं. स्वतःच्याच तोंडावर.

दोनदा त्याने मधे बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा महाराजांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"अहो, मला बोलू तरी द्या," तो शेवटी चिडून म्हणाला.

महाराज गप्प झाले. जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "हे कोण बोललं? अण्णा की तू?"

खाली रस्त्यावरून एसटी गेली.

"अण्णांचं म्हणणं काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"तेच. माकडं अजून कशी."

"चाळीस वर्षं मूर्ती घडवणारा माणूस माकडांसाठी सभेत उभा राहिला?"

महाराज म्हणाले, काशीत आम्हाला पहिली दोन वर्षं दुसऱ्याचंच म्हणणं मांडायला लावायचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मी एकदा गुरुजींना म्हणालो, मला माझं मत मांडू द्या. ते म्हणाले, तुला अजून मत नाही, नुसती सवय आहे.

"अण्णांची बाजू अशी मांड की अण्णांनी मान डोलवावी," ते म्हणाले. "आणि हो, नक्कल न करता."

यशोधन टेकडी उतरला तो रागातच. खोटं काय ते मी मांडायचं, आणि तेही चांगलं करून मांडायचं? पण घरी जाऊन वही उघडून बसला, तर 'अण्णांचे म्हणणे' या शीर्षकाखाली त्याला माकडांपलीकडे एक ओळ लिहिता येईना. वादविवादाच्या सात ढाली कपाटातून त्याच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तो अण्णांच्या कारखान्यात गेला.

गणपतीला दोन महिने होते. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये ओळीने मूर्ती वाळत होत्या, अजून रंग नसलेल्या. अगदी टोकाला प्रतीक्षा पाठमोरी बसून उंदरांचे कान लिंपत होती. तिने वळून बघितलं नाही.

यशोधनने वाटेत माफीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलं वाक्य बोलून झालं, तेवढ्यात अण्णांनी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला. म्हणाले, सर, माणसं कमी आहेत, उभेच आहात तर ही सोंड घासा.

तो सोंड घासू लागला. पहिल्या दिवशी फक्त सोंडा. दुसऱ्या दिवशी बढती मिळून पोटं. जोर जास्त लागला की अण्णा लांबूनच म्हणायचे, "हळू, देवाला खरचटेल." तिसऱ्या दिवशी प्राचार्य कारखान्याबाहेरून स्कूटरवर गेले आणि गणपतीच्या पोटावर वाकलेले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक पाहून पुन्हा वळून आले. त्यांनी काही विचारलं नाही. नीट बघून गेले फक्त.

घासता घासता अण्णा बोलत गेले. माकडांचं ते त्यांचं नव्हतंच. संयोजकांनी सांगितलं होतं, सुरुवातीला काहीतरी गमतीचं बोला. म्हणून फोनवर कुणीतरी पाठवलेलं वाक्य त्यांनी म्हटलं होतं. त्यांचं खरं बोलणं पुढे होतं. तिथपर्यंत त्यांची गाडी पोचलीच नाही.

"मग ते आता सांगा," यशोधन म्हणाला. 'मुळात' हा शब्द त्याने मोठ्या कष्टाने गिळला.

अण्णांनी हातातली मूर्ती खाली ठेवली.

"मी चाळीस वर्षं डोळे आखतोय, सर. तोवर मूर्ती म्हणजे माती. डोळा आखला की ती बघायला लागते. सुतासारखी रेघ चुकली, तर डोळा असतो, पण मूर्ती बघत नाही. एवढं अवघड काम आपोआप झालं म्हणता. मला ते हातालाच पटत नाही. डोक्याचं नंतर बघू."

यशोधनने मान हलवली. तो घासायचा थांबला होता.

"आणि दुसरं," अण्णा म्हणाले आणि जरा घुटमळले. "माझी मूर्ती दीड दिवसानं पाण्यात जाते. जाऊ दे. तिला घडवणारा मी मागं असतो ना, मला ती आठवते. तुम्ही म्हणता मला कुणी घडवलंच नाही. मग मी गेल्यावर कुणाला चुकल्यासारखं वाटायचं?"

यशोधनकडे जीवाश्म होते, जनुकं होती, बेटांवरचे पक्षी होते. त्यातलं काहीही या प्रश्नाला लागू नव्हतं. तो खाली बघून पुन्हा घासू लागला, आणि जिथे आधीच गुळगुळीत होतं तिथेच घासत राहिला.

चौथ्या दिवशी त्याने अण्णांची बाजू अण्णांनाच म्हणून दाखवली. अण्णांनी त्याला दोनदा अडवलं. एकदा म्हणाले, हे असं नाही, मी देवाला घाबरून बोलत नाही, देव मला ओळखतो म्हणून बोलतो. दुसऱ्यांदा म्हणाले, डोळ्याचं तुम्ही फार लांबवता. तिसऱ्यांदा मात्र ते शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले.

"माझ्यापेक्षा बरं बोललात," ते म्हणाले.

टोकाकडून आवाज आला, "मग उत्क्रांतीचं कोण बोलणार आता?"

प्रतीक्षा अजून पाठमोरीच होती. पण अकरा अन चार, पंधरा दिवसांत यशोधनने ऐकलेलं तिचं हे पहिलं वाक्य.

अण्णांनी ते मनावर घेतलं. म्हणाले, बरोबर आहे पोरीचं. सरांनी माझं शिकून घेतलं, आता सरांचं मला शिकवा. पण एवढे सगळे पुरावे नकोत, एकच सांगा. जो तुम्हाला स्वतःला हलवतो तो.

यशोधन विचारात पडला. पुरावे त्याने आजवर ढिगाने मांडले होते. यातला आपल्याला हलवणारा कोणता, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, शेळीला लिंबू खावं लागत नाही. 'क' जीवनसत्त्व तिच्या शरीरातच बनतं. आपल्याला ते बनवता येत नाही. गंमत म्हणजे ते बनवण्याची कृती आपल्या पेशींत अजून आहे, पण मोडलेली. आणि माकडांतही ती मोडलेली आहे. आपल्यासारखीच.

अण्णा एकदम उठले. फडताळातून त्यांनी दोन मूर्ती काढल्या. एक त्यांची, दुसरी शेजारच्या तालुक्यातल्या कुणा कारखानदाराची. दोन्हींचे डावे कान त्यांनी यशोधनपुढे धरले. दोन्हींच्या कानामागे नखाएवढी एकच खोच होती.

"माझ्या आज्याच्या हातून साचा पडला होता. तेव्हाची ही खोच. त्या साच्यावरून बापानं साचा काढला, त्यावरून मी काढला, खोच आपली येतेच आहे. हा शेजारचा म्हणतो, माझा साचा मी स्वतः केला. अहो, चांगली सोंड दोघांना सुचेल. पण एकच चूक, एकाच जागी, दोघांना कशी सुचेल? साचा एकच होता कधीतरी..."

अण्णा बोलता बोलता थांबले.

त्यांनी हातातल्या मूर्तीकडे पाहिलं. मग यशोधनकडे. मग पत्र्यावर बसलेल्या एका माकडाकडे. निंबळगावात माकडं नेहमीच असत.

"अरे..." अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

प्रतीक्षा वळून बघत होती. तिच्या गालाला शाडू लागला होता आणि ती हसू दाबत होती.

दुसऱ्या सभेला पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. यशोधन आधी उठला. म्हणाला, मागच्या वेळी मी अण्णांना बोलू दिलं नाही आणि त्यांच्या दिसण्यावर एक हलका विनोद केला, त्याची मला लाज वाटते. आज त्यांचं म्हणणं मी मांडतो. आणि त्याने ते मांडलं, डोळ्याच्या रेघेपासून शेवटच्या प्रश्नापर्यंत. लोक हसायला आले होते, ते गप्प बसून राहिले. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदराने डोळे टिपले.

मग अण्णा उठले. त्यांनी दोन मूर्तींचे कान दाखवले, साच्याची गोष्ट सांगितली, शेळीचं आणि लिंबाचं सांगितलं, आणि आपण अन माकडं एकाच जुन्या साच्यातून कसे आलो हे इतकं सोपं करून सांगितलं, की प्रतीक्षाच्या वर्गातल्या मुलांना ते पहिल्यांदा नीट कळलं.

मागून कुणीतरी विचारलं, यांच्यातला कोण कोणाच्या विरुद्ध आहे? ते कुणालाच नक्की सांगता येईना. अध्यक्षांनी समारोपात विज्ञानाची बाजू समर्थपणे मांडल्याबद्दल अण्णांचे आणि श्रद्धेची बाजू मांडल्याबद्दल प्राध्यापकांचे आभार मानले, आणि गोंधळून राष्ट्रगीत दोनदा जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी यशोधन वर्तमानपत्र घेऊन तणतणत टेकडी चढला.

महाराज लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. यशोधनने पान त्यांच्यापुढे धरलं. बातमीचा मथळा होता, 'माणूस देवानेच घडवला : प्रा. निकम यांचे प्रभावी प्रतिपादन'. प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. पोट घासताना पाहिलं तेव्हाच मला शंका आली होती, असं ते म्हणाले होते.

"आणि अण्णांचं?"

"त्यांचं आणखी वाईट. एका मंडळाची माणसं विचारून गेली, तुम्ही स्वतःला माकडाचा भाऊ म्हणवता, मग आमचा गणपती करणार ना?"

"मग?"

"अण्णा म्हणाले, करतो की, हत्तीही आपल्याच भावकीतला आहे."

महाराज इतके हसले की तांब्यातलं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं.

मुलीचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. यशोधन म्हणाला, काल आली वर्गात. पहिल्या बाकावर बसली. डोळा कसा घडत गेला हे मी शिकवत होतो. नुसता उजेड कळणारा ठिपका, मग खळगा, मग भिंग. तिने हात वर करून विचारलं, सर, हे बाबांनाही येऊन सांगाल का?

"सांगितलंस?"

"काल दुपारी जाऊन सांगितलं. तिथूनच पुन्हा सुरू झालं," यशोधन म्हणाला आणि ओसरीवर बसला. त्याचा आवाज बसलेला होता. "चार तास भांडलो आम्ही. साच्याचं त्यांना मान्य, माकडांचं मान्य, आता ठिपक्याचंसुद्धा निम्मं मान्य. आणि वर विचारतात, पहिला साचा कुणी केला ते सांगा. मी म्हटलं, पहिला जीव कसा झाला ते अजून पुरतं कळलेलं नाही, शोध चालू आहे. तर म्हणतात, तुम्ही शोधा, तोवर मी हात जोडतो. मी म्हटलं, कळलं नाही याचा अर्थ कुणीतरी केलं असा होत नाही. तर म्हणतात, हे मात्र खरं, थांबा, विचार करतो. आणि खरंच उठून गेले विचार करायला. मी तासभर सोंडा घासत बसलो होतो."

"बरं मग?"

"मग काय. मत त्यांचं बदललं नाही, माझंही नाही. जेवल्याशिवाय जाऊ देईनात. आज चार वाजता पुन्हा बोलावलंय. त्यांना म्हणे एक मुद्दा सुचलाय आणि तो ऐकून माझी बोलती बंद होणार आहे." यशोधनने मान चोळली. "मलाही रात्री एक सुचलाय. पण मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारून यावं..."

महाराजांनी मान वर करून सूर्याकडे पाहिलं. साडेतीन होऊन गेले असावेत.

"मग इथं कशाला बसलायस?" ते म्हणाले.